जुन्या गाडीचं झिजलेलं सस्पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-पंधरा वर्षं चाललेल्या छोट्या गाड्या समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत: मारुती ८००, अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो, आय-टेन, इंडिका. या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, खाली एक लोअर आर्म आणि दोघांच्या मध्ये चाक धरणारा नकल. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५० साली फोर्डच्या ब्रिटनमधल्या गाड्यांत आली आणि कमी भागांत काम होतं म्हणून जगभर पसरली. रचना एकच, त्यामुळे झीजही साधारण त्याच त्याच जागी होते.

खड्ड्यातून खडखड येते. शॉकअप गेले का?

बहुतेक वेळा नाही. शॉकअप गेला की गाडी झुलते, आपटते, पण आवाज करेलच असं नाही. खडखड आणि टकटक येते ती जोडांमधून: लिंक रॉड (गाडीचं झुकणं कमी करणारा स्टॅबिलायझर बार स्ट्रटला किंवा आर्मला जोडणारा छोटा दांडा), बॉल जॉइंट (आर्म आणि नकल यांच्यातला गोळी-वाटीचा सांधा), लोअर आर्मचे बुश (आर्म बॉडीला जोडणारे रबरी तुकडे), शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग. शॉकअपची जोडी हजारांत जाते, लिंक रॉड काही शेकड्यांत येतो. आवाज ऐकून आधी शॉकअप टाकले आणि आवाज तसाच राहिला, ही तक्रार गॅरेजमध्ये रोजची आहे. म्हणून पहिला नियम: ढिली जागा हाताला लागल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये.

आवाजावरून काय अंदाज बांधता येतो?

अंदाजच बांधता येतो, निदान नाही. तरी शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

पेव्हर ब्लॉक, खडी, छोटे छोटे उंचवटे यावरून २० च्या वेगाने जाताना सुटी नाणी डब्यात हलवल्यासारखी टकटक येत असेल तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे डी बुश (बार बॉडीला धरणारे रबर) बघा. मोठ्या खड्ड्यात एकच जड ‘धप्प’ येत असेल तर शॉकअप माउंटिंग किंवा फाटलेला बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर मार झेलणारा ठोकळा). ब्रेक मारताना एकदा ‘टक’ आणि रिव्हर्स घेऊन निघताना परत एकदा ‘टक’ हे लोअर आर्मच्या बुशचं लक्षण, कारण आर्म तेवढा पुढे-मागे सरकतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा ‘टण्ण’ आवाज आला तर स्ट्रटच्या डोक्यातलं बेअरिंग अडकलंय.

काही आवाज सस्पेन्शनचे वाटतात आणि नसतात. पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट येते ती ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटची. वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. उजवीकडे वळताना ती वाढली तर डावं बेअरिंग संशयित, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. खराब रस्त्यावर ब्रेकच्या पेडलवर नुसता पाय टेकवला आणि खडखड थांबली, तर ब्रेक कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा पॅड सैल आहेत. या एका चाचणीला पैसा लागत नाही आणि चुकीचं निदान टळतं, म्हणून ती सगळ्यात आधी करावी. ह्युंदाईच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या काही गाड्यांत स्टिअरिंग कॉलममधल्या मोटरचा छोटा रबरी कपलर भुगा होतो. तो आवाज पायापाशी येतो, आणि लोक खाली लोअर आर्म बदलत बसतात.

घरी तपासायचं कसं?

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढची बाजू जॅकवर उचला आणि लगेच घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चाक वरून आणि खालून धरून हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा होता, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा स्ट्रटचा. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथला प्ले टाय रॉड एंड किंवा रॅक एंडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या टोकाच्या सांध्याचा. नुसतं चाक हलतंय एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याला चाक हलवत ठेवायला सांगून तुम्ही जोडावर असं बोट ठेवा, की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. दोन भाग वेगवेगळे सरकले तर बोटाखाली बारीक ‘टिक’ लागते, डोळ्याला काही दिसत नसलं तरी. रॅक एंड रबरी बुटाच्या आत असतो, तिथे बूट चिमटीत दाबून तीच ‘टिक’ शोधायची.

आता टॉमी (लोखंडी पहार) घ्या. लोअर आर्म आणि नकल यांच्या मध्ये घालून हलकेच उचका. आर्मच्या बुशपाशीही तसंच करा. रबर थोडं दबणारच, ते दबून परत आलं पाहिजे. आतली लोखंडी नळी रबरातून सुटून वेगळी फिरत असेल, किंवा रबराला नखभर खोल चीर आरपार गेली असेल, तर तो बुश संपला. वरवरच्या केसाएवढ्या भेगा वयाच्या असतात, त्यांच्यासाठी पार्ट बदलायची गरज नाही.

शेवटी गाडी चाकांवर उभी करून बॉनेट उघडा. एकाने स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला बोटांची टोकं हलकी टेकवून ठेवावीत. वेटोळ्यांमध्ये बोट घालायचं नाही. स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर सरळ फिरली तर बेअरिंग ठीक. आधी अडून मग झटक्याने फिरली तर बेअरिंग गेलं.

बॉल जॉइंटला थोडा प्ले आहे. अजून काही महिने चालेल का?

नाही. मॅकफर्सन गाडीत वजन स्प्रिंगमधून थेट बॉडीवर जातं. खालचा बॉल जॉइंट वजन पेलत नाही, तो चाक जागेवर धरतो. म्हणून चाक हवेत असताना त्यात हाताला लागेल एवढा प्ले असणं म्हणजे त्याची वाटी झिजलेली असणं. पुढे तो झिजत नाही, निखळतो. निखळला की चाकाचा खालचा भाग बाहेर पडतो, चाक मडगार्डमध्ये आडवं होतं आणि स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही. टाय रॉड एंडचंही तेच. या दोन गोष्टींत ‘पगार झाल्यावर बघू’ चालत नाही, गाडी उभी ठेवा.

रबरी बूट फाटला आहे पण प्ले नाही, अशी स्थिती असेल तर थोडा वेळ मिळतो. आत ग्रीस भरून चालवणं ही तात्पुरती सोय आहे. फाटक्या बुटातून पावसाळ्यातलं गढूळ पाणी गेलं की माती ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते.

शॉकअप खरंच गेलाय हे कसं ठरवायचं?

कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. सोडल्यावर गाडी वर येऊन एकदा बसली पाहिजे, दोन-तीनदा झुलली तर तो मेलेला आहे. पण अर्धा झिजलेला शॉकअप ही परीक्षा आरामात पास होतो. खरा पुरावा चार ठिकाणी मिळतो.

पहिला तेल. नळीवर ओलसर, धुळकट पापुद्रा असणं चालतं, सीलमधून तेवढा ओलावा येतोच. तेल ओघळून खालच्या ब्रॅकेटपर्यंत आलं असेल तर सील फुटलं. दुसरा टायर. तळहात टायरवरून फिरवा, ठराविक अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. तिसरा रस्ता: ६०-७० च्या वेगाने लांबट उंचवट्यावरून गेल्यावर पुढची बाजू तरंगते, आणि ब्रेक मारला की नाक खाली जातं. चौथा, शॉकअप काढल्यानंतर: दांडा हाताने दाबून ओढून बघा. मध्येच एखादा इंच विनाविरोध सरकला तर आतले व्हॉल्व्ह संपलेत.

किलोमीटरचा ठराविक आकडा देता येत नाही. हायवेवर चाललेली गाडी आणि रोज तुटक्या रस्त्याने गावात जाणारी गाडी यांत दुपटीचा फरक पडतो. ५०,००० किलोमीटरनंतर दर सर्व्हिसला तपासणं हा व्यवहार्य हिशोब.

एकच शॉकअप गळतोय. दोन्ही बदलायलाच हवेत का?

एका धुरीवरचे दोन्ही बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला दमलेला असेल तर जोरात ब्रेक मारताना किंवा वळणावर गाडी दोन बाजूंना वेगळी वागते. चारही एकदम बदलायची सक्ती मात्र नाही.

पुढचा स्ट्रट उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर त्याच वेळी नवे टाका. मजुरी तीच असते. इथे पैसे वाचवले तर चार महिन्यांनी तोच स्ट्रट पुन्हा उतरवावा लागतो. डस्ट कव्हर क्षुल्लक वाटतं, पण ते नसेल तर चाकाने उडवलेली वाळू क्रोमच्या दांड्यावर चिकटते, दांडा ती सीलमध्ये ओढतो, आणि नवा शॉकअप वर्षभरात गळायला लागतो.

पुढचा स्ट्रट घरी बदलता येईल का?

स्ट्रट गाडीतून काढणं आणि बसवणं घरी जमतं. स्प्रिंग उतरवणं गॅरेजमधल्या जागेवर पक्क्या बसवलेल्या कंप्रेसरवरच करून घ्यावं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. म्हणून स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग दाबलेली नसताना कधीही सोडायचा नाही.

काम असं चालतं. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल फवारा. चाक काढल्यावर ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून मोकळी करा, लिंक रॉड स्ट्रटला जोडलेला असेल तर तोही. नकलला धरणाऱ्या दोन बोल्टांच्या डोक्याभोवती पांढऱ्या रंगाने खूण करा. त्या भोकांत जराशी मोकळीक असते आणि तेवढ्यानेही चाकाचा कल बदलतो. वरचे बाहेरचे नट सोडताना दुसऱ्या माणसाने स्ट्रट धरून ठेवावा. बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर लोंबू देऊ नका, तारेने बांधा. तो बाहेर झुकला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडा, आडवा ठेवल्याने आत शिरलेली हवा निघते. दांडा पकडीने धरायचा नाही. पकडीच्या दातांचा एक ओरखडा सील कापायला पुरतो. वरचा नट आवळताना दांड्याच्या टोकाला असलेला चौकोन किंवा ॲलन कीचं भोक वापरा. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला नीट टेकलेलं हवं. ते अर्धा इंच बाजूला राहिलं तर पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग ‘ठाक्’ करून जागेवर सरकते आणि मालकाला वाटतं नवा शॉकअपच खराब निघाला.

लोअर आर्मचा फक्त बुश बदलावा की अख्खा आर्म?

बॉल जॉइंट आर्मलाच पक्का बसवलेला असेल, जसा स्विफ्टमध्ये असतो, आणि तो मूळचा जुना असेल तर अख्खा आर्म घ्या. बॉल जॉइंट वेगळा निघत असेल किंवा अलीकडेच बदललेला असेल तर बुश पुरे. आर्मला कुठेही वाकलेली किंवा चेपलेली जागा दिसली तर नवाच घ्या. चेपलेला आर्म गरम करून सरळ केला तर तो कुठे मऊ पडला हे कुणालाच दिसत नाही.

बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढा-बसवा. हातोडी मारून बसवलेल्या बुशचं बाहेरचं कवच वेडंवाकडं होतं आणि आर्मचं भोक मोठं होतं, मग पुढचा बुश त्यात घट्ट बसतच नाही. वंगण म्हणून साबणाचं पाणी वापरा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की रबर फुगून मऊ पडतं. बुशच्या रबरात पोकळ्या असतील तर जुन्याच्या पोकळ्या कोणत्या दिशेला होत्या ते आर्मवर खडूने लिहून ठेवा आणि नवा त्याच दिशेला बसवा.

लाल-पिवळे पॉलियुरेथेनचे बुश टिकतात खरे, पण रस्त्याची प्रत्येक थरथर आत आणतात. रोज घर-ऑफिस करणाऱ्या जुन्या गाडीला रबरच बरं.

नवे बुश सहा महिन्यांत फाटले. माल नकली होता का?

असू शकतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: बोल्ट आवळले तेव्हा गाडी कुठे होती?

हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बाहेर लोखंडी कवच, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघांना घट्ट चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला जखडली जाते. त्यानंतर आर्म जेवढा वर-खाली होतो तेवढं सगळं रबर पिळलं जातं, तेच त्याचं काम. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबत असतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. मेकॅनिकने त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर रबराला तीच आपली मोकळी स्थिती वाटते. गाडी खाली आली, आर्म वर गेला, की उभ्या गाडीतही रबर कायमचं पिळलेलं राहतं. ओला टॉवेल पिळून तसाच धरून ठेवावा तसं. वर प्रत्येक गतिरोधक त्याला आणखी पिळतो. चिकटवण सुटते, कडेला चीर पडते आणि नवाकोरा बुश उन्हाळ्यात टाकला तर दिवाळीला गेलेला असतो.

उपाय सोपा आहे, फक्त सांगावा लागतो. आडवे बोल्ट आधी हाताने आवळा, इतके की हलणार नाहीत पण जखडणारही नाहीत. चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा, चारही कोपरे दाबून सोडा, दोन मीटर पुढे-मागे ढकला. मग चाकांखाली लाकडी फळ्या देऊन किंवा गाडी पिटावर (खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर) घेऊन शेवटचं आवळणं करा. खाली शिरायला जागाच नसेल तर दुसरी रीत: काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, आणि आवळताना आर्मच्या बॉल जॉइंटकडच्या टोकाखाली जॅक लावून ते अंतर पुन्हा येईपर्यंत उचला. मागच्या ॲक्सलच्या बुशलाही हाच नियम. आवळण्याचा नेमका आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क रेंच (ठराविक जोराने आवळता येणारा पाना) वापरा. एअर गनने ‘कट्ट’ होईपर्यंत मारणं म्हणजे आवळणं नव्हे.

लिंक रॉड गेलाय का हे पक्कं कसं कळेल?

दोन्ही बाजूचे लिंक रॉड बारपासून सोडवा, सुटी टोकं तारेने बांधा आणि तोच खराब रस्ता अगदी हळू पार करा. आवाज गेला तर लिंक रॉड किंवा बारचे डी बुश, राहिला तर दुसरीकडे शोधा. एकाच बाजूचा सोडून तपासू नका, दुसरी बाजू बारला पिळतच राहते. या चाचणीत गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून गल्लीबाहेर नेऊ नका.

इथे एक मोठा इशारा. मारुती ८०० आणि जुन्या अल्टोमध्ये हा बार फक्त झुकणं कमी करत नाही. त्याची टोकं लोअर आर्ममधून जातात आणि चाकाला पुढे-मागे तोच धरून ठेवतो. या गाड्यांत बार सोडून गाडी हलवायचीच नाही. त्यांच्या टोकांचे रबर बुश झिजले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. बुश अगदी स्वस्त असतात. वॉशरचा खोलगट भाग कुठल्या बाजूला होता ते बघूनच परत बसवा.

लिंक रॉडचा नट गंजला की आतला बॉलच फिरायला लागतो. टोकात ॲलन की घालून धरा. तेही घसरलं तर कटरने कापा, तासभर झटापट करण्यात अर्थ नाही.

अलाइनमेंट केलं तरी टायर आतून खातोय.

ढिल्या जोडांवर अलाइनमेंट टिकत नाही. मशीनवर आकडे हिरवे दिसतात कारण गाडी उभी असते. रस्त्यावर ब्रेक लागला की सैल बुशमुळे चाकाची दिशा बदलते. आधी प्ले काढा, मग अलाइनमेंट.

यातल्या बहुतेक गाड्यांत पुढे फक्त टो (वरून बघितल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली दिसतात ते) बदलता येतो. चाकाचा कल चुकला असेल तर वाकलेला आर्म, वाकलेला स्ट्रट किंवा चुकीच्या जागी आवळलेले स्ट्रटचे दोन बोल्ट, यांपैकी काहीतरी असतं. ‘सेटिंग होत नाही’ एवढंच सांगून पैसे घेणाऱ्याला मोजणीचा कागद मागा आणि डाव्या-उजव्या आकड्यांतला फरक बघा.

टाय रॉड एंड बदलताना लॉकनटची जागा रंगवून ठेवा आणि जुना काढताना किती वेढे फिरले ते मोजा. नवा तेवढेच वेढे चढवला की गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. तिथे जाण्याआधी चारही टायरची हवा सारखी करा.

मागच्या सस्पेन्शनचं काय बघायचं?

स्विफ्ट, आय-टेनसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पीळ घेणारी तुळई) असतो, त्याला दोन मोठे बुश. ते सैल झाले की लेन बदलताना मागची बाजू उशिरा येते, जणू मागून कुणीतरी ढकलतंय. मारुती ८०० आणि जुन्या अल्टोमध्ये अख्खा ॲक्सल तीन दांड्यांवर टांगलेला असतो: दोन लांब आणि एक आडवा. आडव्या दांड्याचा बुश गेला की खड्ड्यात मागची बाजू डावी-उजवीकडे सरकते. इंडिकाला मागची दोन्ही चाकं वेगवेगळ्या आर्मवर असतात, त्यामुळे चार बुश तपासावे लागतात.

मागचे शॉकअप पुढच्यापेक्षा खूपच सोपे. ॲक्सलखाली जॅकचा आधार देऊन मगच बोल्ट काढा. आधार नसेल तर ॲक्सल खाली पडतो, स्प्रिंग निसटते आणि सगळं वजन ब्रेकच्या नळीवर येतं.

गाडी मागून बसते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर टाकू का?

नको. बफर त्या एका वेटोळ्याला हलू देत नाही, म्हणून उरलेली वेटोळी जास्त वाकतात आणि स्प्रिंग बफरच्या कडेला तुटायची शक्यता वाढते. गाडी उंच दिसते, पण स्प्रिंग कडक होते आणि जुन्या शॉकअपला तिचा उसळा आवरत नाही. आधी रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चारही मडगार्डची उंची मोजा. डाव्या-उजव्यात १५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग काढून बघा. शेवटचं वेटोळं बशीत गंजून तुटलेलं असतं आणि तुकडा तिथेच बसून राहिल्याने वरून कळत नाही. स्प्रिंगही जोडीनेच बदला.

रिकंडिशन शॉकअप घ्यावेत का? पार्ट कुठले चांगले?

रिकंडिशन घेऊ नका. नळीला भोक पाडून तेल बदलतात, वेल्डिंगने बुजवतात, काळा रंग मारतात. आतले झिजलेले व्हॉल्व्ह तसेच राहतात आणि गॅसचा दाब परत येत नाही. जाड ताजा रंग आणि रंगाखाली वेल्डिंगचा ठिपका दिसला तर परत करा.

कंपनीचा पार्ट किंवा गाडी कंपन्यांना माल देणाऱ्या उत्पादकाचा, दोन्ही चालतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला एकाच पार्टचे चार भाव ऐकू येतात. सगळ्यात खालचा भाव बहुतेक वेळा नकली डब्याचा असतो. पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून काढा. एकाच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे पुढचे स्ट्रट बहुधा वेगळे असतात, कारण डिझेल इंजिन जड. पक्कं बिल घ्या, जुना पार्ट परत मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून लांबी, भोकांचं अंतर तपासा.

सगळंच झिजलंय आणि पैसे थोडे आहेत. क्रम काय?

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, यांच्याआधी काहीही नाही. मग लोअर आर्मचे बुश, कारण ते ब्रेकिंग आणि टायर दोन्ही बिघडवतात. मग शॉकअप, ज्या धुरीचे जास्त वाईट तिचे आधी. लिंक रॉड, डी बुश आणि माउंटिंगचा आवाज त्रास देतो पण थांबू शकतो. अलाइनमेंटचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा.

कोकणात गाडीचं सस्पेन्शन लवकर का जातं?

खारी हवा, चार महिने पाऊस आणि जांभ्याची चिकट माती. माती स्प्रिंगच्या बशीत आणि आर्मच्या कोपऱ्यात साचते आणि ओल धरून ठेवते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून साध्या पाण्याने धुवा. प्रेशरची धार रबरी बुटावर जवळून मारू नका. गणपतीला जायच्या आधी नाही, तर तिथून परत आल्यावर तपासणी करा. झीज कळते ती तेव्हाच.

गतिरोधकांचाही वाटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. गल्लीतला डांबराचा अरुंद बांध त्यात कुठेच बसत नाही. अशा ठिकाणी ब्रेक गतिरोधकाच्या आधी मारून सोडा. ब्रेक दाबलेला असताना चढलात तर स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि सगळा मार बंप स्टॉपवर जातो.

गाडी पंधरा वर्षांची होतेय. नोंदणीसाठी सस्पेन्शन बघतात का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर नमुना २५ मध्ये अर्ज करून, गाडी दाखवून, ५-५ वर्षांनी ती वाढवायची. अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तपासणीत स्टिअरिंगचा प्ले आणि चाकांची स्थिती बघितली जाते. म्हणून हे काम त्याच्या दोन महिने आधी उरका, म्हणजे काही राहिलं असेल तर चालवताना कळतं.

गॅरेजमधून गाडी घेताना काय बघावं?

स्टिअरिंग सरळ असताना गाडी सरळ जाते का. स्प्लिट पिना नव्या आहेत का, कारण वाकवलेली जुनी पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. नायलॉन असलेले नट नवे टाकले का. ब्रेकची नळी ब्रॅकेटमध्ये परत अडकवली आहे का, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. नळी टायरला घासता कामा नये. चाकाचे नट मारुतीच्या छोट्या गाड्यांत ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. पायाने पाना दाबून आवळलेले नट पंक्चरच्या वेळी रस्त्यात निघत नाहीत.

५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उचलून घ्या आणि सोडलेले सगळे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासून घ्या. मडगार्डची उंची तेव्हाच परत मोजा. नवी स्प्रिंग सुरुवातीला काही मिलिमीटर बसते, तो दोष नव्हे.